उंच गाडी की बुटकी

बिबवेवाडी, पुणे ३७
शनिवार, ९ डिसेंबर २००६

आदरणीय दुर्गाताई,

जयभीम. तो आधी घ्या, राग नंतर करा.

पाकिटावरचं अक्षर तुमच्या भाच्याचं, चेतनचं आहे. आतलं माझं आहे. तुम्ही तीस वर्षं शाळेत पोरांच्या वह्या तपासल्या, तशी ही तपासू नका. माझी शाळा दुसरीत सुटली, त्यानंतर किराण्याच्या यादीपेक्षा लांब काही मी लिहिलेलं नाही. चेतनच्या कॉलेजची अर्धी कोरी वही माळ्यावर पडली होती, तिची पानं फाडून लिहिते आहे. एका पानाला एक दुपार जाते.

फोन का नाही केला म्हणाल. दोनदा केला. दोन्ही वेळा तुम्ही "बरं आहे" म्हणून ठेवलात. फोन ठेवून देता येतो. पत्र निदान उघडून तरी बघाल.

इकडे सगळं ठीक. थंडी पडली आहे. चेतनची हिंजवडीची नोकरी चालू आहे. कंपनीची बस सकाळी घेऊन जाते, संध्याकाळी आणून टाकते, मधल्या वेळात तो काय करतो ते दोन वर्षं विचारते आहे, अजून मला समजलेलं नाही. तुमच्या भावाची साखर कमी-जास्त होते. मी आहे तशीच आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? हे रीत म्हणून विचारत नाही, खरंच विचारते आहे.

पत्राचं कारण गाडी आहे. आपली जुनी पिकअप सतरा वर्षांची झाली. यंदा पासिंगला नेली तर तिथल्या साहेबाने लांबूनच हात हलवला, जवळसुद्धा आला नाही. म्हणजे आता नवी घ्यायची. आणि नवी घ्यायची असं ठरल्यापासून माझ्या डोक्याचा भुगा झाला आहे.

आमचा धंदा तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते, म्हणजे गाडी कशासाठी हवी ते ध्यानात राहील. मार्केट यार्डातून कांदा, बटाटा, तेलाचे डबे, पत्रे भरायचे आणि पानशेतच्या मागे, जिथे डांबर संपतं तिथल्या वाड्यांवर नेऊन टाकायचे. येताना बांबू आणायचा, उन्हाळ्यात करवंदं. रस्ता म्हणजे धोंडे, त्यात मधे दोन ओढे.

तर दोन गाड्यांवर येऊन अडलं आहे. कंपन्यांची नावं लिहीत नाही, नाव घेतलं की घरात भांडण सुरू होतं. एक उंच आहे, एक बुटकी आहे. उंच गाडीची चारही चाकं ओढतात, कुठल्याही चिखलात घाला, बाहेर येते म्हणे. पण तिला गिऱ्हाईक थोडं, त्यामुळे पुढे विकायला काढली की भाव पडतो. बुटकीची मागची दोनच चाकं ओढतात, डांबर सुटलं की पोट घासतं. पण यार्डात दहातल्या सात गाड्या तसल्याच, त्यामुळे कधीही विका, माणूस दारात उभा. चेतन ह्याला रीसेल म्हणतो. दिवसातून दहा वेळा म्हणतो.

तुमचे भाऊ म्हणतात उंच. चेतन म्हणतो बुटकी. आमच्या नागोराव मेकॅनिकला विचारलं, "भाऊ, तुम्ही सांगा, कोणती?"

"वहिनी, डोंगरात जायचं तर उंच. विकायची तर बुटकी."

"आणि दोन्ही करायचं असेल तर?"

"तर डोंगरातच विका."

ह्या माणसाला आम्ही वीस वर्षं चहा पाजतो.

चेतनने कॉम्प्युटरवर एक तक्ता काढला आणि आणून फ्रीजला चिकटवला. हिरवा चौकोन म्हणजे चांगलं, लाल म्हणजे वाईट. बघितलं तर उंच गाडीच्या खाली सगळं हिरवं, लाल एकच. बुटकीच्या खाली निम्मं लाल. आणि शेवटी लिहिलेलं, बुटकी घ्या. मी म्हटलं, "अरे, हिरवं तर तिकडे जास्त आहे."

"मम्मी, त्या एका लाल चौकोनाचं वजन जास्त आहे."

"का बरं?"

तर मोबाईल वाजला म्हणून गॅलरीत गेला. वाजला नव्हता.

आणखी एक भानगड आहे. डिसेंबरात घेतली तर शोरूमवाला सूट देतो. पण कागदावर गाडी २००६ची लागते. एक तारखेनंतर घेतली की तीच गाडी २००७ची, म्हणजे विकताना एक वर्षाने तरुण. सगळे महिनाभर ह्याच्यावर बोलत आहेत. शेवटी मी ओरडले, "अजून घेतली नाही तर विकायचं कसलं बोलता रे?" बाप साखरेची गोळी शोधायला उठला, लेक चार्जर. एवढं काय विचारलं मी?

तेव्हा ताई, कोणती घ्यावी ते तुम्ही सांगा. तुम्ही आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नाही हे मला माहीत आहे. पण तुमचे भाऊ ह्या जगात एकाच माणसाचं ऐकतात, आणि ते माणूस मी नाही.

आता बोटं दुखायला लागली. उरलेलं मग.

सोमवार, ११ डिसेंबर

शनिवारचं पान वाचून बघितलं. त्यात खोटं काही नाही. पण गाडीच्या आडोशाला उभं राहून लिहिलं आहे. आज आडोसा सोडते.

गेल्या मंगळवारी आम्ही दोघं शोरूमला गेलो. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. विकणारा टाय लावून पुढे आला. "मॅडम, हिचा ग्राउंड क्लिअरन्स बघा."

"कुठे असतो तो?"

"खाली, मॅडम. गाडीचं पोट आणि जमीन, ह्याच्या मधे."

तो बोलतोय तोवर हे इस्त्रीच्या शर्टानिशी फरशीवर उताणे आणि गाडीखाली. बाहेर नुसत्या चपला. आतून आवाज, "हे मजबूत आहे. हेही मजबूत आहे. इथे धोंडा बसला तरी हलायचं नाही." सगळं हाताने चालू होतं. बोटं फिरवून, टिचकी मारून. मी म्हटलं जुना ड्रायव्हर आहे, असंच बघत असतील.

मग त्या माणसाने आमच्या दोघांच्या हातात एकेक रंगीत कागद दिला. सगळा इंग्रजी. मला काय कळणार? ह्यांनी मात्र कागद समोर धरला, मान हलवली, म्हणाले, "बरोबर, बरोबर. सगळं दिलंय इथे." मी त्यांच्या कागदाकडे बघितलं. इंग्रजी मला येत नाही, पण गाडीला चाकं कुठे असतात ते कळतं. ह्यांच्या कागदावर चाकं वर होती.

विकणाऱ्यानेही ते बघितलं. भला माणूस, काचेतून बाहेर बघायला लागला. मी ह्यांच्या हातातून कागद काढून घेतला, म्हटलं, "घरी वाचा. इथे चहा मिळतोय तो प्या."

ताई, तुमच्या भावाला दिसत नाही. लिहून टाकलं. किती दिसतं, किती नाही, ते मी विचारलेलं नाही, त्यांनी सांगितलेलं नाही. डॉक्टरकडे गेले नाहीत. लायसनच्या वेळी एजंटाने तब्येतीचा कागद बसल्या जागी आणून दिला, डोळे कोणी उघडून बघितलेच नाहीत.

तुम्ही म्हणाल, एका घरात राहून तुला कळलं कसं नाही? अहो, ह्या घरात पेपर वाचणारे तेच. रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायचे, मी भाकरी थापत ऐकायची. ह्या वर्षी बातम्या बऱ्या यायला लागल्या होत्या. बिबवेवाडीला पाणी दोन वेळा सोडणार. डिझेल उतरणार. कांदा उचलायला सरकार माणसं पाठवणार. मला वाटलं, देश सुधारला.

आणि तुमची पत्रं. तीही तेच वाचून दाखवायचे.

सहा तारखेला हे वस्तीतल्या लोकांबरोबर बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी अभिवादनाला गेले. मी पाय दुखतात म्हणाले आणि घरी राहिले. पत्रांचा डबा काढला. तुमचं जुलैतलं पत्र वरच होतं. जुलैत त्यांनी ते मला असं वाचून दाखवलं होतं: पाऊस बरा झाला, सोयाबीन गुडघ्याएवढं आलं, लेक शर्मिला हैदराबादेत मजेत आहे, एवढ्या पावसात तुम्ही येऊ नका, बाकी ठीक. ऐकून मी तेव्हा म्हटलंसुद्धा, ह्या मास्तरीणबाई सख्ख्या भावाला एवढं कोरडं कसं लिहितात?

एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत गेले. दुपार गेली. ताई, तुमच्या पत्रात पाऊस कुठेच नाही.

त्यात होतं, रंगरावभाऊजी गेल्यापासून हिंगणघाटचं घर मोठं झालंय, संध्याकाळी दिवा लावून कोणासाठी बसू ते कळत नाही. शर्मिला बोलावते पण तिथे दिवसभर कुलूपबंद राहावं लागतं. मग होतं, भीमा, मी तुमच्याकडे राहायला येऊ का? फोनवर विचारायचं धाडस होत नाही म्हणून लिहिते. सुंदराला विचार. तिला नको असेल तर उत्तर देऊ नकोस. महिन्यात उत्तर आलं नाही तर मी समजेन, राग धरणार नाही, हा विषय पुन्हा काढणार नाही.

तुम्ही शब्दाच्या पक्क्या. विषय काढला नाहीत.

आणि पाच महिने तुमच्या डोक्यात काय, तर सुंदराने नाही म्हटलं. ताई, मला कोणी विचारलं नाही. अक्षर मोठं काढते: मला कोणी विचारलं नाही.

बुधवार, १३ डिसेंबर

आता नागपूर.

यंदा दीक्षेला पन्नास वर्षं झाली, दीक्षाभूमीवर पाय ठेवायला जागा नव्हती. दरवर्षीसारखं आपलं पुस्तकांच्या दुकानांपाशी भेटायचं ठरलेलं. ह्यांना तिथे उभं करून मी पाण्याच्या रांगेत गेले. परत आले तर तुम्ही उभ्या, तोंड एवढंसं. मला म्हणालात, "बरं आहे ना?" आणि तुमच्या बायकांबरोबर बसकडे निघून गेलात. मी ह्यांना विचारलं, "ताई अशा का गेल्या?" तर म्हणाले, "ताई? कुठे होती ताई?"

मला वाटलं, बहीणभावात काहीतरी वाजलंय आणि हा माणूस लपवतोय. मग मीही पेटले. रेल्वेत अख्खा रस्ता म्हणत आले, मास्तरीणबाईंना आपली लाज वाटते, आपण अंगठाबहाद्दर. हे खिडकीकडे तोंड करून बसले होते.

आता जोडून बघते आहे. तुम्ही दहा पावलांवरून हात केला असणार. त्यांनी तुमच्याकडे सरळ बघितलं असणार आणि मान वळवून पुस्तकं चाळायला लागले असणार. हो ना? उत्तर न देणारा भाऊ, तोंडावर ओळख दाखवत नाही. तुम्ही दुसरं काय समजणार?

हे लिहून सुटले असं वाटलं होतं. सुटले नाही, कारण सोमवारी मी लिहिलं की मला कळलं नाही. वाचता येत नाही हे कळलं नव्हतं, ते खरं. पण रस्ता दिसत नाही हे मला दिवाळीपासून माहीत आहे.

दिवाळीनंतर हे एक दिवस म्हणाले, "चल सुंदरा, गाडीत. घरात बसून काय करतेस?" अठ्ठावीस वर्षांत ह्या माणसाने मला सिंहगडावर नेलं नाही. आणि आता रोज, चल सुंदरा. मी लुगडं बदलून टाइमात तयार. पहिल्या फेरीला कळलं नाही. दुसऱ्या फेरीला कळलं. मी आपली बोलायची, "अगं बाई, केवढी म्हैस डावीकडे." "पुढे एसटी थांबलीय बघा." ते म्हणायचे, "दिसतंय मला." पण ब्रेक लागायचा माझं बोलून झाल्यावर.

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. मला आवडायला लागलं होतं, ताई. धरणाच्या कडेने जायचं, झाडाखाली डबा सोडायचा. जन्मभर हा माणूस मला "जरा हळू बोल" म्हणत आला, तो म्हणायला लागला, "बोल, बोलत राहा." मला आयुष्यात कोणी बोलत राहा म्हटलेलं नाही. तुम्हीसुद्धा नाही.

अठ्ठावीस नोव्हेंबरला पानशेतच्या पुढे एका वळणावर मी शेंगा सोलत होते. मान खाली. वर बघितलं तर समोर एक म्हातारी, डोक्यावर लाकडाची मोळी. मी ओरडले. गाडी थांबली तेव्हा बंपर आणि म्हातारी ह्यांच्यात हातभर जागा राहिली होती. मोळी उधळली, बाई खाली बसली. मग उठली आणि शिव्या दिल्या, भरपूर दिल्या. मी उतरून काटक्या गोळा केल्या, मोळी बांधून तिच्या डोक्यावर दिली. परत गाडीत येऊन बसले तर हे विचारतात, "काय होतं? जनावर होतं का?"

मी म्हटलं, "हो. जनावर होतं."

आणि त्यानंतर आठ दिवसांनी मी ह्यांच्याबरोबर नवी गाडी निवडायला गेले. असली मी.

त्या दिवसापासून एकेक उलगडत जातंय. ह्यांना उंच गाडी का पाहिजे? कारण डांबर संपलं की माणसं संपतात. तिथले धोंडे, ओढे, चढ त्यांना हाताला पाठ आहेत. भीती सिंहगड रोडच्या गर्दीची आहे. आणि चेतनला रीसेल का पाहिजे? कारण बाप ही गाडी वर्षभरसुद्धा चालवणार नाही, हे त्यालाही कळलं आहे. तोच तो एक लाल चौकोन. बापाला तोंडावर सांगवत नाही, म्हणून पोरगा बाजारभाव सांगतो. तिघंही एकमेकांना फसवत गाडी निवडतो आहोत.

कळलं सगळं, पण गोंधळ कमी झाला म्हणाल तर नाही. घेऊ नका म्हणावं, तर हा माणूस सकाळी उठून जाणार कुठे? पंचावन्नाव्या वर्षी कॉटवर बसून काय करणार? घ्या म्हणावं, तर पुढची मोळी कोणाची? ड्रायव्हर ठेवावा, तर शेजारी बसून हे त्याला आठ दिवसांत पळवून लावतील. मी कांदा निवडते, माणसं निवडते, भाव करताना यार्डात कोणाला ऐकत नाही. आणि इथे उंच की बुटकी एवढं मला ठरवता येत नाही.

शनिवार, १६ डिसेंबर

आज पत्र पुरं करून टाकायचं म्हणून बसले होते. हे यार्डातून लवकर आले. चपलांचा आवाज आला नाही, एकदम दारात.

"काय करतेस?"

"ताईंना पत्र लिहिते आहे."

"तू?"

"मग? मला हात नाहीत?"

कॉटवर बसले. म्हणाले, "वाच बघू."

मी पान समोर धरलं आणि वाचलं. आदरणीय दुर्गाताई, जयभीम. इकडे सगळं ठीक. थंडी पडली आहे. चेतन मजेत आहे. गाडी बघतो आहोत. ह्यांची तब्येत छान आहे. तुमची आठवण येते. बाकी ठीक.

हे ऐकत होते. मग म्हणाले, "पाऊस घालायला विसरलीस."

"डिसेंबरात कुठला पाऊस?"

"मी नेहमी घालायचो. पाऊस असला की पत्र खरं वाटतं."

ताई, मला आधी हसू आलं. मग नाही आलं.

विचारलं, "कधीपासून?"

"गेल्या वर्षीच्या दिवाळीला अक्षरं हलायला लागली. उन्हाळ्यात गेली."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"तुला सांगितलं असतं तर तू गाडीत बसली असतीस?"

मग त्यांनीच हळू विचारलं, "ताईने काय लिहिलं होतं?"

मी डबा काढला. तुमचं पत्र पहिल्या अक्षरापासून वाचलं, बोट ठेवून, अडखळत. जोडाक्षराला दोनदा थांबले. "उत्तर आलं नाही तर मी समजेन," इथे म्हणाले, "पुन्हा वाच." वाचलं. म्हणाले, "पुन्हा." तिसऱ्यांदा मी नाही वाचलं. नागपूरचंही सांगितलं. त्यावर एवढंच म्हणाले, "सगळ्याच पांढऱ्या साड्या होत्या गं."

म्हातारीचं सांगितलं. जनावर नव्हतं, बाई होती. ते ऐकून उठले, मोरीत गेले, तोंडावर पाणी मारलं, किती वेळ मारत होते. बाहेर आले ते टॉवेल न घेताच.

मी म्हटलं, "आणि गाडी?"

"ताई आली की बघू."

"ताई काय बघणार त्यात? तुम्हाला कोणीतरी नाही म्हणायला पाहिजे आहे का?"

"हो."

"मग मी म्हणते की. नाही."

"तू रोजच नाही म्हणतेस, सुंदरा. त्याचं काय धरायचं?"

तर असं आहे. शोरूमवाल्याला मी फोन करून एक तारखेपर्यंत थांब म्हणून सांगितलं. तो खूश, त्याला वाटलं आम्हाला २००७ची गाडी पाहिजे. सोमवारी चेतन सुट्टी काढून ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार आहे. आज हो म्हणाले आहेत. सोमवारी काय म्हणतील, सांगता येत नाही. उंच की बुटकी की कुठलीच नाही, ते अजून मला माहीत नाही. शपथेवर सांगते, नाही माहीत. पण एक गोष्ट मला एकटीला ठरवता येते, ती ठरवली.

तुम्ही जुलैत विचारलं होतं. उत्तर उशिरा देते आहे. या. पाहुण्या म्हणून नको, ट्रंक घेऊन या. आमच्या दोन खोल्या, त्यात चेतनचा कॉम्प्युटर, तुम्हाला अडचण होईल. मी फटकळ आहे, दुसऱ्या दिवशी आपलं भांडण होईल. होऊ द्या. तुम्ही ह्यांना पेपर वाचून दाखवा, खरा. ते 'नाही' काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा, त्यांना 'नाही' तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. आणि मला बाराखडीपासून पुढचं शिकवा, ह्या वयात लाज सोडली आहे मी. एक तारखेला तिघं मिळून कोरेगावच्या स्तंभाला जाऊ, एसटीने.

वर्ध्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस धरा. कोणत्या दिवशी निघता ते चेतनच्या मोबाईलवर कळवा. स्टेशनावर आम्ही दोघं येऊ, रिक्षाने.

फलाटावर गर्दी असेल. तुम्हाला आम्ही लांबून दिसू, तुम्ही त्यांना दिसणार नाही. हात करू नका, ताई. हाक मारा. लहानपणी शेताच्या बांधावरून मारायचात तशी, भीमा म्हणून, जोरात. आणि मग जागेवरच थांबा. आवाजाकडे यायला त्यांना जरा वेळ लागेल. मी हात धरणार नाही, मधे बोलणारही नाही.

तुमच्या हाकेसाठी गप्प उभी राहणारी,
सुंदरा